तापीचे पाणी : दोन राज्यांचा सामाईक ठेवा

मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावणारी तापी नदी बऱ्हाणपूर ओलांडून महाराष्ट्राच्या जळगाव जिल्ह्यात प्रवेश करते. सीमेच्या दोन्ही बाजूंस केळीच्या बागा असून त्या मुख्यत्वे विहिरी व कूपनलिकांवर अवलंबून आहेत. वाढत्या उपशामुळे येथील भूजल पातळी खोल गेली आहे.

नदीचा प्रवाह मोजून वाटता येतो. भूजलास मात्र राज्याची सीमा ठाऊक नसते. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे व वाळूचा जाड थर असून डोंगरावरून येणारे पाणी त्यात मुरते. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा हे अशा मुरलेल्या पाण्याच्या उपयोगाचे जुने उदाहरण होय. अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, शंभराहून अधिक कुंड्या भुयाराने जोडून हे झिरपणारे पाणी केवळ उताराच्या बळावर शहरात आणण्यात आले.

हाच थर पुन्हा भरणे हा तापी खोरे महापुनर्भरण योजनेचा गाभा आहे. तीसंबंधीचा करार उभय राज्यांनी १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे केला. खारिया-गुटीघाट येथे वळण बंधारा बांधून पावसाळी पाणी कालव्यांवाटे पायथ्याशी मुरविण्याचे योजिले आहे. त्यानुसार मध्य प्रदेशास ११.७६, तर महाराष्ट्रास १९.३६ अब्ज घनफूट पाणी मिळावयाचे आहे.

तथापि, भरण्यापेक्षा उपसा अधिक राहिल्यास कोणतीही वाटणी पुरी पडणार नाही. ठिबक सिंचन व संयमित उपसा यांची जोड मिळाली, तरच हा ठेवा दोन्हीकडील शेतकऱ्यांस टिकाऊ लाभ देईल.