यकृतातील खवटपणा आणि डी.एन.ए.ची इजा

काशीक्षेत्री मणिकर्णिकेच्या उत्तरेस, शिंदे घाटाला लागून संकठा घाट आहे. या परिसरातील घाटांवरून गंगोदक तांब्या-पितळेच्या गडूत भरून गावी नेण्याचा प्रघात जुना आहे. महाराष्ट्रातील कित्येक देवघरांत असा गंगेचा गडू जपून ठेवलेला आढळतो. तांबे हा आपल्याकडे पवित्र मानलेला धातू, आणि शरीरालाही त्याची अल्पशी गरज असते. निरोगी यकृत जरुरीपुरते तांबे ठेवून उरलेले पित्तावाटे बाहेर टाकते. हा हिशेब बिघडला म्हणजे मात्र तोच धातू पेशीच्या गाभ्यापर्यंत घात करतो. तो घात मोजतात कसा, हे जाणण्याजोगे आहे.

प्रथम पुण्याचे उदाहरण घेऊ. यकृत घट्ट होऊन तान्ही मुले दगावण्याचा एक रोग भारतात पूर्वी फार आढळे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासमवेत त्याचा शोध घेतला. निरोगी माणसाच्या यकृताच्या एका कोरड्या ग्रॅममध्ये सामान्यतः 50 मायक्रोग्रॅमहून कमी तांबे असते. या बालकांत ते शेकड्यांनी भरे. 1983 मध्ये त्यांनी दाखवून दिले की, पुष्कळ बालकांना फार लवकर वरचे दूध सुरू केलेले होते व ते पितळी भांड्यांत तापविले जात होते. कल्हई नसलेल्या पितळेतील तांबे दुधात उतरते व दुधातील केसीन हे प्रथिन ते धरून ठेवते. आनुवंशिक प्रवृत्तीचाही यात भाग असावा, असे काही वैद्यांचे मत आहे. तथापि पितळेची जागा स्टील व अॅल्युमिनिअमने घेतल्यावर हा रोग विरळ झाला, ही गोष्ट बोलकी आहे.

आता हे तांबे पेशीत करते तरी काय? करडईचे तेल फार दिवस उघडे राहिले की खवट होते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. हवेतील प्राणवायू तेलातील असंतृप्त मेदाम्लांशी संयोग पावतो. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवितो, आणि ही साखळी पुढे चालू राहते. पेशींची आवरणेही अशाच मेदाम्लांची घडलेली असतात. साचलेले तांबे तेथे मुक्त मूलके उत्पन्न करून या साखळीस चालना देते. ई जीवनसत्त्व ती तोडू शकते. पण तेही अपुरे पडले तर मॅलॉनडायअल्डिहाइड, हायड्रॉक्सिनोनेनाल असे तिखट पदार्थ निर्माण होतात. ते डी.एन.ए.च्या घटकांना चिकटतात. अशा एका प्रकारात अॅडेनीनवर दोन कार्बन अणूंचे जास्तीचे कडे बसते. त्यामुळे त्याची जोडी नीट जुळत नाही, आणि पेशी दुभंगताना अक्षरांची चूक होऊ शकते.

अशी बिघडलेली अक्षरे अत्यंत विरळ असतात. 1 अब्जात एक, असे प्रमाण धरले तर मानवी पेशीतील सुमारे 12 अब्ज अक्षरांत ती अवघी 12 भरतील. त्यांच्या मोजणीस उपयोगी पडली ती रँडरथ, रेड्डी व गुप्ता यांनी 1981 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेली पद्धत. ऊतकातून काढलेल्या डी.एन.ए.चे विकरांच्या साहाय्याने सुटे घटक करतात. प्रतिद्रव्ये बसविलेल्या नळीतून ते सोडले की बिघडलेले तेवढे अडकतात. मग त्यांना किरणोत्सर्गी फॉस्फरसची खूण जोडून पातळ थरावर वेगळे करतात, आणि किरणोत्सर्ग मोजून संख्या ठरवितात.

जगदीशन नायर, हेल्मुट बार्ट्श प्रभृतींनी या मार्गाने 1995 मध्ये मानवी यकृतात ही कडी दाखविली. पुढे 1998 मध्ये विल्सनच्या रोगाने पीडित यकृतांत त्यांचे प्रमाण निरोगी यकृतांहून अधिक असल्याचे प्रसिद्ध झाले. या आनुवंशिक रोगातही यकृतात तांबेच साचते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. बिघडलेले अक्षर म्हणजे कर्करोग नव्हे. पेशीतील दुरुस्तीची विकरे अशी अक्षरे कापून काढीत असतात, आणि निरोगी माणसातही ती थोडी आढळतातच. शिवाय नमुना हाताळताना हवेमुळे नवी इजा होऊ शकते. म्हणून निरोगी ऊतकाचा नमुना त्याच रीतीने तपासून तुलना करावी लागते. यकृताचा तुकडा काढणे रुग्णास जाचक असल्याने, दुरुस्तीत बाहेर पडलेली अक्षरे लघवीत मोजण्याची रीतही संशोधकांनी बसविली आहे. लक्षणे दिसू लागण्यापूर्वीच इजेची चाहूल लागावी, आणि उपचाराने ती घटते आहे की नाही हे कळावे, हा या साऱ्या खटाटोपाचा हेतू होय.