नांगर वजनाने नव्हे, रुतून धरतो! धरणाच्या पाण्यात बोट जागेवर कशी ठेवतात?

अहिल्यानगर : भंडारदरा, मुळा धरण, नाथसागर किंवा कर्जतला लागून असलेले उजनीचे बॅकवॉटर... जिल्ह्याला समुद्र नाही, पण बोटी आहेत. अनेकांना वाटते की जड दगड दोरीला बांधून टाकला की बोट हलत नाही. वारा सुटला की हाच दगड तळावरून घसरतो आणि बोट खडकाकडे किंवा खोल पाण्याकडे वाहू लागते. मोठ्या जलाशयात वारा किती घातक ठरतो, हे २१ मे २०२४ रोजी दिसले. त्या दिवशी उजनीत कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला.

नांगर धरतो कसा?

शेतातला आणि बोटीचा, दोन्ही नांगरच. कामही सारखेच. ओढ आडवी असेल तर फाळ जमिनीत घुसतो, वर उचलली गेली की बाहेर येतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी १९३३ मध्ये तयार केलेल्या 'सीक्यूआर' नांगराचा आकार तर थेट शेतातल्या नांगरासारखा आहे.

दोरी किती सोडायची?

ओढ आडवी राहण्यासाठी दोरी लांब हवी. पाण्याची खोली १८ फूट आणि बोटीचे टोक पाण्यापासून २ फूट उंच असेल, तर एकूण २० फूट. त्याच्या पाचपट म्हणजे १०० फूट दोरी सोडावी. वारा जोरात असेल तर सातपट, म्हणजे १४० फूट. नांगराजवळ काही फूट साखळी लावली की तिच्या वजनाने ओढ तळालगत राहते.

टाकायचा कसा?

- बोटीचे तोंड वाऱ्याकडे करून थांबा.
- नांगर फेकू नका, हळूहळू तळाला टेकवा.
- बोट मागे सरकू द्या, तशी दोरी सोडत जा.
- दोरी पुढच्या टोकाला बांधा. मागे बांधली तर लाटांचे पाणी आत येऊ शकते.
- इंजिन रिव्हर्समध्ये हलके चालवून किंवा वल्ह्याने मागे ओढ द्या.

बसला की नाही, कसे कळेल?

काठावरचे झाड आणि त्यामागचा मंदिराचा कळस अशा एका रेषेतल्या दोन खुणा धरा. रेषा तुटत गेली किंवा दोरीला हात लावल्यावर थरथर जाणवली, तर नांगर घसरतोय. अशा वेळी आणखी दोरी सोडा. तरीही धरला नाही, तर उचलून पुन्हा टाका.

धरणात वेगळे काय?

गाळात फाळाचा नांगर चांगला रुततो. खडकाळ तळावर तो घसरतो, तिथे आकड्यांचा नांगर कपारीत अडकतो. दुसरे म्हणजे पाण्याची पातळी. जूनमध्ये १० फूट पाण्यात ६० फूट दोरीवर धरलेली बोट, पाणी २५ फुटांवर गेले की त्याच दोरीवर निसटू शकते. त्यामुळे पावसाळ्यात बोट नांगरून ठेवली असेल, तर पाणी वाढेल तशी दोरीही वाढवायला हवी.