दिवसपाळी

सकाळी ६.००
रात्रपाळीच्या काकांकडून चार्ज घेताना तीन प्रश्न ठरलेले: फिट कुणाला आली, अंथरूण कुणी ओलं केलं आणि शी कुणाला झालेली नाही. तिसऱ्या प्रश्नाला नवीन माणसं हसतात. पण ज्याला ‘पोट दुखतंय’ असं सांगता येत नाही, तो तीन दिवस पोट साफ झालं नाही की ताट ढकलतो, स्वतःचा हात चावतो. मग वहीत ‘आक्रमक झाला’ अशी नोंद पडते आणि डॉक्टर झोपेची गोळी वाढवतात. दाढ दुखत असली तरी हेच. म्हणून रोजच्या वहीत शीचा रकाना आहे, आणि मी तो आधी वाचतो.

६.३०
आंघोळी. माणसं सोळा, सगळी अठराच्या पुढची, आम्ही दोघं. पाइप धरून ओळीनं सगळ्यांना धुऊन काढलं तर अर्ध्या तासात उरकतं. तसं उरकणारी घरं मी पाहिली आहेत, आणि तिथल्या फरश्या आमच्यापेक्षा चकचकीत होत्या.

डाउन सिंड्रोम असलेले आमचे एक दादा पंचेचाळिशीचे आहेत. शर्ट स्वतः घालतात. बटणं सहा. पहिलं हमखास दुसऱ्या काजात जातं, खाली पोचल्यावर हिशेब जमत नाही, मग ते माझ्याकडे बघतात. मी भिंतीकडे बघतो. ते सगळी बटणं काढतात आणि पुन्हा वरून सुरू करतात. मागे मी गावी गेलो असताना बदली माणूस रोज पटकन लावून द्यायचा. परत आलो तर दादा हात लांब करून, छाती पुढे काढून उभे! गेलेली सवय परत यायला पावसाळा उलटला. आणखी एक कारण आहे. डाउन सिंड्रोममध्ये स्मृतिभ्रंश चाळिशीनंतरच डोकं वर काढू शकतो. उद्या बटणं खरंच जमेनाशी झाली तर ते मला कळायला हवं. मीच लावत बसलो तर कसं कळणार?

८.००
उपमा, मग गोळ्या. सही गोळी गिळल्यावर करायची, हातावर ठेवल्यावर नाही. एक जण ती गालात दाबून ठेवतो आणि नंतर कुंडीत टाकतो. फिटची गोळी चुकली की त्याची वसुली त्याच दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी होते.

१०.००
कार्यशाळा. कागदी पिशव्या, दिवाळीआधी पणत्या.

११.१०
वसुली झाली. कुंडीवाल्यालाच फिट आली. कुशीवर वळवलं, डोक्याखाली घडी केलेली सतरंजी सरकवली, घड्याळ लावलं. स्वयंपाकाच्या मावशी सवयीनं कांदा घेऊन धावल्या, त्यांना परत पाठवलं. तोंडात चमचा नाही, पाणी नाही. दोन मिनिटांत थांबली. पाच मिनिटांवर गेली असती तर थेट दवाखाना.

१२.३०
आज कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस इथे साजरा होतोय. पाहुणे मनानं चांगले, पण प्रत्येकाला स्वतःच्या हातानं केक भरवायचा असतो आणि त्याचा फोटो काढायचा असतो. एकाला नीट गिळता येत नाही, त्याला सगळं कालवून लागतं. त्याच्या तोंडाशी गेलेला हात मी धरला. ‘मोबाइल खिशात ठेवा,’ असंही म्हणालो. व्यवस्थापकांना ते रुचलं नाही. त्यांचंही खरं आहे, महिन्याची डाळ अशा वाढदिवसांवर येते. तरी पंचेचाळिशीच्या माणसाला टाळ्या वाजवून गाणं म्हणायला लावायचं आणि वर त्याला माया म्हणायचं, हे मला पटत नाही.

३.००
एकाची आई आली. वय सत्तरीपुढे, हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात कागद. मुलगा अठराचा झाला की कायद्यानं आईसुद्धा आपोआप पालक राहत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. निरामय विम्याचं लाखाचं संरक्षण आहे, दिव्यांगांचं कार्ड आहे, सगळं नीट लावून ठेवलंय त्यांनी. ‘माझ्यामागं याच्याकडं कोण बघंल, दादा?’ याला मात्र त्या पिशवीत कागद नाही.

४.३०
पुढच्या आठवड्यात तपासणी, म्हणून फायली. खाटा, संडास, आग विझवायचं नळकांडं, कॅमेरे. २०११ मध्ये कळंबोलीच्या संस्थेत मुलींवर झालेले अत्याचार बाहेर आले. तेव्हापासून तपासणी म्हटलं की आधी तेच आठवतं, आणि कॅमेऱ्याला मी कधीच नाक मुरडत नाही. पण कळवून, सकाळी अकराला, चहा घेत केलेल्या तपासणीत आंघोळ दिसत नाही. साहेबांनी न सांगता साडेसहाला यावं आणि न्हाणीघराच्या दारांना कड्या आहेत का, तेवढं बघावं.

७.००
जेवण, टीव्ही. रिमोटवरून भांडण; सोडवलं नाही, त्यांचं त्यांनी मिटवलं.

८.००
वही लिहिली: फिट एक, दोन मिनिटं; सकाळची गोळी कुंडीत सापडली; तिसऱ्या खाटेवरचे डावा गाल धरतात, दात दाखवणे. रात्रपाळीच्या काकांच्या रजेवर आजपासून बदली पोरगा यायचा होता. आला नाही. फोन उचलत नाही. हायवेवरच्या गोदामात पार्सल उचलायला इथल्यापेक्षा जास्त पैसे मिळतात आणि तिथं अंगावर कुणी थुंकत नाही, त्याला काय बोलणार? घरी कळवलं की थांबतोय. सकाळच्या आंघोळीला एखादा माणूस मिळेल का म्हणून व्यवस्थापकांना निरोप टाकला. त्यांचं उत्तर आलं: ‘उद्या आंघोळी दुपारी घ्या.’