पहारेकऱ्यांस आवर घालणारीं औषधें

शरीराच्या रक्षणास नेमलेल्या पांढऱ्या पेशींनीं घरच्याच मज्जातंतूंचें आवरण कुरतडावें, असा मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीचा विपरीत प्रकार आहे. पहारेकरीच घर फोडूं लागला, तर त्यास दाराशीं अडवावें कीं चाकरींतूनच काढावें?

नतालिझुमॅब पहिला मार्ग धरतें. एकाच साच्यांतून काढलेलीं हीं प्रतिद्रव्यें त्या पेशींना मेंदूंत शिरूं देत नाहींत. नोव्हेंबर २००४ मध्यें अमेरिकेंत त्यास परवानगी मिळाली आणि फेब्रुवारी २००५ मध्यें तें मागें घ्यावें लागलें. मेंदूंतला पहारा उठतांच, पुष्कळांच्या शरीरांत निपचित पडून असणारा जेसी विषाणु दोन रोग्यांत माजला, एक दगावला. तरीहि २००६ सालीं तें कडक अटींवर परत आलें, आणि तें परत द्या म्हणणारांत रोगीहि होते! पांगळेपणाचें भय त्यांना विषाणूहून मोठें वाटलें.

२०१७ सालचें ऑक्रेलिझुमॅब बी पेशींनाच रक्तांतून काढून टाकतें. तें सहा महिन्यांनीं एकदां शिरेंतून देतात. संसर्गाचें भय मात्र वाढतें. झिजलेलें आवरण भरून आणण्याचें सामर्थ्य दोहोंतहि नाहीं.

जेसीच्या खुणा रक्तांत नसल्यास नतालिझुमॅबचा धोका अत्यल्प असतो. खुणा असून उपचारास दोन वर्षें उलटलीं, कीं पारडें फिरूं लागतें; म्हणून ती तपासणी वारंवार करावी लागते.