गर्भवतीचे हृदय आणि अवटुग्रंथी

बालरोगतज्ज्ञाची आणि बाळाची भेट जन्मानंतर होते. परंतु त्या बाळाच्या आरोग्याचा पाया आधीचे नऊ महिने आईच्या शरीरात घातला जात असतो. म्हणूनच थायरॉइड, म्हणजे अवटुग्रंथी, या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस मी करीत आहे.

गरोदरपणात हृदयाला दर मिनिटास ३० ते ५० टक्के अधिक रक्त पुढे ढकलावे लागते. या वाढीव कामासाठी पेशींतील तंतुकणिका अधिक प्राणवायू वापरतात, आणि चुलीतून ठिणग्या उडाव्यात तशी 'मुक्त मूलके' निर्माण होतात. वारेतूनही त्यांत भर पडते. कॅटालेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज यांसारखी विकरे या ठिणग्या विझवितात. ती अपुरी पडली की पेशींना इजा पोहोचू लागते. यालाच ऑक्सिडीकारक ताण म्हणतात.

अवटुग्रंथीचा स्राव कमी पडला तर हृदयाची गती मंदावते, दोन ठोक्यांमधील त्याचे शिथिल होणे अपुरे राहते, रक्तवाहिन्यांतील रोध आणि कोलेस्टेरॉल वाढते. चयापचय मंदावल्यावर ठिणग्याही कमी उडतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्राण्यांच्या हृदयावरील प्रयोगांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. तथापि अशा रुग्णांच्या रक्तात मेदांच्या ऑक्सिडीकरणाच्या खुणा वाढल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

मग अँटिऑक्सिडंट गोळ्या द्याव्यात काय? ब्रिटनमध्ये जोखमीच्या सुमारे २,४०० गर्भवतींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. 'क' आणि 'ई' जीवनसत्त्वांनी प्रीएक्लॅम्पसिया टळला नाही. उलट कमी वजनाची बाळे अधिक जन्मली. तेव्हा ठिणग्यांमागे धावण्यापेक्षा मूळ उणीव भरून काढणे श्रेयस्कर.

ती उणीव थायरॉक्सिनची साधी, स्वस्त गोळी भरून काढते. तरीही आम्हा इंदूरकरांच्या घरांत, सुनेला दिवस राहिले की "औषध गरम पडेल, गोळ्या बंद कर," असा प्रेमळ सल्ला आजही ऐकू येतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. गरोदरपणाच्या पहिल्या काही आठवड्यांतच थायरॉक्सिनची गरज वाढू लागते. त्यामुळे गोळी थांबवू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा बहुधा वाढवावीच लागते. पहिल्या सहामाहीत दर चार आठवड्यांनी टीएसएच तपासावे. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्याव्यात.

यात बाळाचेही हित आहे. गर्भाची स्वतःची अवटुग्रंथी साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत पुरेशी कार्यक्षम नसते. तोवर त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवरच अवलंबून असते.

जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत बाळाच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब घेऊन हीच तपासणी करावी. जन्मजात उणीव असल्यास दोन आठवड्यांच्या आत उपचार सुरू झाले पाहिजेत. गेलेला काळ मेंदूला परत मिळत नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञ मित्रांना माझी एवढीच विनंती आहे, की आईचा टीएसएचचा अहवाल बाळाच्या कागदांबरोबर आमच्याकडे अवश्य पाठवावा. आणि घरातील वडीलधाऱ्यांनी डोहाळे पुरविताना सुनेच्या सकाळच्या गोळीचीही आठवण ठेवावी.