ठासलेली बंदूक

मामांचं दिवसकार्य आटोपलं आणि मामेभावानं मला आतल्या खोलीत नेलं. खुंटीवरची लांबलचक बंदूक दाखवून हळूच विचारलं, ‘‘दादा, काय येतील हो हिचे? एकजण म्हणतो, १८५७ ची रायफल आहे, लाखाच्या खाली सोडू नका.’’

आमचं आजोळ उमरगा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानं दगडमातीचा तो वाडा भुईसपाट केला. आदल्या दिवशीच गावानं गणपती बोळवले होते. आजी त्या ढिगाऱ्यातून जिवंत निघाली नाही. निघाली ती काही भांडी, एक पत्र्याची पेटी आणि ही बंदूक. त्यामुळं मामेभावाचा प्रश्न मला एकदम पैशाचा वाटलाच नाही.

पण सवय जात नाही. बँकेत असताना सोनंतारणाची कर्जं पुष्कळ दिली. तिथं घडणावळीला मोल नसतं. सराफ कस पाहतो, वजन करतो, संपलं. जुन्या हत्याराचं नेमकं उलटं. त्यातल्या लोखंडाला भंगाराचा भाव. मोल असतं ते घडणावळीला, मूळ भाग शाबूत असण्याला आणि सोबतच्या कागदांना.

वय ओळखायला आधी चाप पाहावा. पेटती वात दारूला लावणारी ती तोड्याची बंदूक, सर्वांत जुनी. मग गारगोटीची ठिणगी पाडणारी. मग एकोणिसाव्या शतकात टोपीची. घोडा टोपीवर आपटला की बार. १८६० नंतर मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या. आमची टोपीची निघाली. चापाच्या पट्टीवर मुकुट, ‘टॉवर’ हा शब्द आणि साल १८६१. म्हणजे ‘सत्तावन्नची’ ही गोष्ट तिथंच संपली. अर्थात नुसत्या शिक्क्यावरही विसंबू नये. असे शिक्के मारलेल्या नकला बाजारात भरपूर. शिवाय शिक्का मागाहूनही पडतो. आपल्या परंड्याच्या किल्ल्यावर एके काळी असलेली मलिक-ए-मैदान तोफ ओतली गेली १५४९ साली, अहमदनगरला. पुढं ती विजापूरला गेली आणि विजापूर जिंकल्यावर औरंगजेबानं तिच्यावर आपला लेख कोरवला. तेवढाच वाचणारा तिचं वय सव्वाशे वर्षांहून जास्त चुकेल. किमतीचं म्हणाल, तर १८५४ साली तिच लिलावात निघाली तेव्हा बोली आली दीडशे रुपयांची! विक्री रद्द झाली म्हणून ती आज आहे.

मामांच्या पेटीत उर्दूतला एक परवाना होता. उमरग्याच्या एका निवृत्त गुरुजींनी तो वाचून दिला. आजोबांचं नाव आणि साल १३४२ फसली. निजामी कागदांतल्या फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९३२-३३. बंदूक तेव्हापासून घरात होती, याचा हा पुरावा. जाणत्या ग्राहकाला गोष्ट नको असते, असा कागद हवा असतो.

मामांच्या निधनाबरोबर त्यांचा परवानाही संपला होता. ‘‘भाव नंतर,’’ मी म्हणालो, ‘‘आधी ही पोलीस ठाण्यात जमा कर.’’ जुनी आहे म्हणून परवाना नको, हा समज चुकीचा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात सूट आहे ती दुरुस्त करूनही उडणार नाही अशा जुन्या शस्त्राला. आणि ते आपण ठरवायचं नसतं. शंभर वर्षांपुढची पुराणवस्तू परदेशी विकायला १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे, हेही त्याला सांगितलं.

पोलिसांच्या शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या जमादारांनी तोंडाकडून एक काठी नळीत सोडली. ती कुठवर जाते ते बोटानं धरलं, बाहेर काढली आणि नळीला बाहेरून लावून पाहिली. चार बोटं कमी पडली. त्यांचा चेहरा बदलला. ‘‘ठासलेली आहे,’’ ते म्हणाले.

आमच्या नव्या घरात ती तीस वर्षं खुंटीवर होती. नातवंडांनी तिचा घोडा किती वेळा ओढला असेल! काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेते. (म्हणून हे माप घरी कुणी घेऊ नये, तोंडापुढं उभंही राहू नये.) त्यांनी रीतसर बार काढला. चिंधी, काळी दारू आणि शिशाची एक गोळी.

नळी मोकळी झाल्यावर आत उजेड पाडून पाहिलं. आत गुळगुळीत. रायफलीच्या नळीत पिळाचे आटे असतात, हिच्यात नव्हतेच. बाहेरून हुबेहूब एनफील्ड रायफल, आतून साधी बंदूक. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी मुद्दाम अशा बंदुका करवल्या. लांबचा अचूक नेम त्यांच्या हाती नको म्हणून. ‘लाखाची रायफल’ गेली, पण सरकारचा अविश्वास नळीत जसाच्या तसा पाहायला मिळाला.

आणि तो बार? मामी म्हणाल्या, ‘‘रझाकाराच्या सालात मामंजी रात्रभर दारात बसायचे म्हणं. मग नळदुर्गात फौज आली.’’ भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गला पोहोचली ती १३ सप्टेंबर १९४८ ला. चार दिवसांत निजामानं शरणागती पत्करली. आजोबांना बार उडवावा लागला नाही आणि काढायचा राहून गेला, असा आमचा तर्क. नक्की सांगणारं आता कुणी उरलं नाही.

आता परवान्यासाठी मामेभावानं स्वतःच्या नावानं अर्ज केला आहे. बंदूक परत आली तर काय करायचं, ते मी मामींना सांगून ठेवलं आहे. चिंच, विटकर, पॉलिशकागद लावायचा नाही. दीडशे वर्षांचा काळसर रंग हेच तिचं मोल. उघड्या हाताचा घाम लोखंडाला खातो, म्हणून सुती हातमोजे. कोरड्या फडक्यानं पुसून शिवणयंत्राचं तेल बोटभर, तेही टिपून घ्यायचं. खोबरेल नको, चिकट होतं. चामड्याच्या म्यानात किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळायची नाही. दमट भिंतीला टेकवायची नाही.

‘‘आणि खंडेनवमीला?’’ मामींनी विचारलं.

हळदकुंकू आणि पाणी तिच्यावर नको, शेजारच्या पाटावर वाहा, असं मी म्हणालो. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही. भावाचा प्रश्न मात्र मामेभावानं पुन्हा काढला नाही.