विश्रांती हवी, पण अंथरूण नको

घरात कुणाचे मोठे ऑपरेशन झाले की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. रुग्णाला पलंगावरून हलू द्यायचे नाही आणि पेज-खिमटाशिवाय काही खाऊ घालायचे नाही. त्यामागे माया असते. पण मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर ही माया महागात पडू शकते.

हा कर्करोग मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत पोचला की अनेकदा संपूर्ण मूत्राशय काढावे लागते. मग लहान आतड्याचा 15-20 सेंटिमीटरचा तुकडा वापरून लघवीला पोटावरून वाट काढून देतात व तेथे पिशवी लावतात. काहींना आतड्याचेच नवे मूत्राशय करतात. रुग्ण बहुधा साठी-सत्तरीतला, कधी केमोथेरपीने आधीच खंगलेला.

अशा वेळी शरीर स्नायूंची शिल्लक मोडून खाते. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निरोगी वृद्धांना 10 दिवस अंथरुणात ठेवले, तर त्यांच्या पायांचे मांस जवळजवळ 1 किलोने घटले. मग आजारी माणसाचे काय होत असेल? वजनकाट्यावर हे नेहमी कळत नाही. चरबी आणि सूज ते झाकून टाकतात. डॉक्टर सीटी स्कॅनमध्ये कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर स्नायू मोजू शकतात. स्नायू कमी असलेल्यांमध्ये गुंतागुंत अधिक आणि आयुर्मान कमी आढळले आहे.

म्हणून तयारी ऑपरेशनआधीच सुरू करावी. रोज चालणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, आणि विडी-सिगारेट बंद. धूम्रपान हे या कर्करोगाचे प्रमुख कारण आहे, हे निपाणीच्या तंबाखूपट्ट्याजवळ राहणाऱ्या आपण विसरू नये. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगताच, बहुधा दुसऱ्याच दिवशी, आधार देऊन उठवावे, चालवावे. त्याने पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोकाही घटतो. मात्र साधारण सहा आठवडे भरलेली बादली, पिशवी उचलू देऊ नये. हर्नियाचे भय असते.

आहारात वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने हवीत. 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम, वाटीभर शिजलेल्या डाळीतही जवळपास तेवढीच. नुसत्या पेजेवर हा हिशेब जुळायचा नाही. दूध, दही, पनीर, अंडी, मासे थोडे थोडे, पण दर खाण्यात द्यावेत. मूत्रपिंड अशक्त असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे.

रुग्णाची सेवा म्हणजे त्याचे सारे आपण करणे नव्हे. अंगणापर्यंत त्याच्या सोबत चालणे, हीसुद्धा सेवाच.